मॅक्रो लेन्स न घेता उडी मारणाऱ्या कोळ्याचे डोळे स्पष्ट टिपता येतील का?

येतील. तुमच्या तक्रारी दोन आहेत: कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या 18-55 लेन्सने कोळी ठिपक्याएवढा दिसतो, आणि फार जवळ गेलं की फोटो काळपट नाहीतर हललेला येतो. पहिली तक्रार लेन्सची, दुसरी उजेडाची. माझ्या मते पैसे आधी दुसरीवर घाला.

जवळ जायला 50 मिमी एफ 1.8 लेन्स आणि 12, 20, 36 मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसवायच्या पोकळ नळ्या) पुरतात. ट्यूबची लांबी भागिले फोकल लेन्ग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा), एवढं मोठेपण, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या किती पट ते, वाढतं. तिन्ही ट्यूब लावल्या की 68 भागिले 50, आणि लेन्सचं स्वतःचं धरून साधारण दीडपट. ट्यूब घेताना आत लेन्स आणि कॅमेरा जोडणारे विजेचे कॉन्टॅक्ट आहेत ना ते बघा. अगदी स्वस्त ट्यूबमध्ये ते नसतात, मग बऱ्याच लेन्सचं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातून बदलताच येत नाही. घरात 55-250 सारखी टेलिफोटो पडून असेल तर रेनॉक्स डीसीआर-250 हे लेन्सच्या पुढे अडकवायचं भिंग जास्त सोयीचं. 200 मिमीवर सुमारे 1.6 पट मिळतं आणि कोळ्यापासून 12 सेंमीच्या आसपास राहता येतं. ट्यूबवर त्याहून बरंच जवळ जावं लागतं, आणि सावली पडली की तो उडालाच.

आता उजेड. एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एकपटीला, एफ 11 ठेवूनही, स्पष्टतेची खोली (पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो तो) एक मिलिमीटरसुद्धा नसते. दुपटीला ती त्याच्या निम्म्याहून कमी होते. म्हणून छिद्र आणखी बारीक करून एफ 22 करायचा मोह होतो. करू नका. एकपटीला एफ 11 हेच प्रत्यक्षात एफ 22 झालेलं असतं. आणखी बंद केलं की डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. मॅन्युअल मोड, शटर 1/200, एफ 11, आयएसओ 200, फ्लॅश मॅन्युअलवर 1/8 ताकदीपासून सुरू करा. इथे हालचाल शटर नाही, फ्लॅशची क्षणिक चमक गोठवते. फ्लॅशपुढे टीव्हीच्या खोक्यातला पांढरा फोम किंवा बटर पेपर कमानीसारखा वाकवून लेन्सच्या टोकापर्यंत आणा. हा डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) लहान किंवा कोळ्यापासून दूर असला की कोळ्याच्या चकचकीत डोळ्यांत पांढरा चौकोन उमटतो, आणि तो एडिटिंगमध्ये नीट जात नाही.

ऑटोफोकस बंद. रिंग एका जागी ठेवा आणि श्वास सोडत शरीरच केसभर पुढे न्या. डाव्या हाताने फांदी धरून लेन्स त्याच मनगटावर टेकवलीत तर वाऱ्याने पान आणि कॅमेरा एकत्र हलतात. सगळ्यात मोठा फरक मला यानेच पडलेला दिसतो.

उडी मारणारा कोळी हालचालीकडे वळून बघतो. हळू, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून जा. समोरचे दोन मोठे डोळे तुमच्याकडे आले की दाबा. दुमडलेल्या पानात रेशमी घरटं दिसलं तर ते उघडू नका. सरावाला जाळ्यात इंग्रजी एक्ससारखी नक्षी विणणारा सिग्नेचर स्पायडर बरा, एका जागी बसतो. फक्त जाळ्याला धक्का नको, नाहीतर तो जाळंच गदगदा हलवायला लागतो.

जूनमध्ये मृगाचा किडा मिळाला (तोही आठ पायांचा, कोळ्यांचा नातलग) तर फ्लॅश दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी करा आणि हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात) लाल रंगाची पट्टी वेगळी तपासा. नाहीतर ते मखमली केस जाऊन नुसता लाल डाग उरतो.