इंग्लंडमधल्या फॉक्सहंटिंग (घोड्यावर बसून, कुत्र्यांच्या साथीने कोल्ह्याची शिकार) क्लबचा हंगाम कसा असतो? तिथे अजूनही कोल्हा मारतात का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कायद्याने तरी नाही, बंदी आहे. ‘हंटिंग ॲक्ट २००४’ इंग्लंड-वेल्समध्ये १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. त्यानंतर बहुतेक क्लब ‘ट्रेल हंटिंग’कडे वळले. यात आधी शेतातून वासाचा माग टाकून ठेवतात आणि कुत्री तो हुंगत धावतात. या आडून खरी शिकार होते, असा आरोप प्राणिप्रेमी करतात, आणि मला तो गंभीर वाटतो.

हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून साधारण मार्चपर्यंत, म्हणजे पिकं निघाल्यावर. ‘ओपनिंग मीट’च्या, म्हणजे हंगामातल्या पहिल्या मेळाव्याच्या दिवशी घोड्यांच्या आयाळीच्या बारीक वेण्या घातलेल्या असतात, स्वारांच्या हातात पोर्ट वाइनचे छोटे पेले असतात आणि घोड्यांच्या पायांत कुत्र्यांची लगबग. २६ डिसेंबरच्या मीटला तर अख्खं गाव बघायला येतं. कुत्री मोजतात जोडीने. पस्तीस असली तर ‘साडेसतरा जोड्या’!

मला सगळ्यात भावते ती पिल्लांची पद्धत. दोनेक महिन्यांची पिल्लं शेतकरी आणि सभासदांच्या घरी वाढायला देतात. तिथे ती हाकेला ओ द्यायला, कोंबड्या-मेंढ्यांच्या वाटेला न जायला शिकतात. मोठी झाली की परत केनेलमध्ये, म्हणजे क्लबच्या कुत्र्यांच्या घरात. उन्हाळ्यात त्यांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा वाढवणारी माणसं आपलं पिल्लू डोळे भरून बघतात.

बाकी हिवाळ्यात हंट बॉल म्हणजे क्लबची नृत्याची मेजवानी, वसंतात पॉइंट-टू-पॉइंट म्हणजे हौशी स्वारांच्या अडथळ्यांच्या घोडेशर्यती.