ग्रॅनाइट मागाहून बसेल, पायातली सळई नाही

प्रश्न : यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी प्लॉट आहे. ४० फुटांत ४ फूट उतार. एकमजली लोड बेअरिंग (खांबांऐवजी भिंतींवर भार घेणारं) घर बांधायचंय. इंजिनिअरने पायऱ्यांचं, सळईचं फुटिंग (भिंतीखालचा काँक्रीटचा रुंद पट्टा) काढून दिलंय. ठेकेदार म्हणतो, सळई सोडा, साधं काँक्रीट करू. ६० हजार वाचतील, त्यात हॉलला ग्रॅनाइट होईल. दीड लाखाची एफडी आहे, केळीचा पैसा सहा महिन्यांनी येईल. एफडी मोडू, गृहकर्ज वाढवू, की सळई सोडू?

उत्तर : सळई सोडू नका. पण ६० हजारांचा आकडाही तसाच मान्य करू नका, आधी वजन काढू.

बाहेरच्या आणि मधल्या भिंतींची मिळून पायाची लांबी ५२ मीटर धरतो. फुटिंग २ फूट रुंद, १ फूट जाड. त्यात लांबीत १२ एमएमच्या चार सळया आणि आडव्या ८ एमएमच्या दर २०० मिमीवर. जोड आणि कोपरे धरून १२ एमएमच्या पूर्ण लांबीच्या (१२ मीटर) २० सळया लागतील, ८ एमएमच्या ११. एकूण वजन २६५ किलोच्या आसपास. किलोला ६५ रुपये धरले तर सव्वासतरा हजार. मजुरी, सळया बांधायची बाइंडिंग वायर, सळई तळापासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक मिळून २५ हजारांच्या आत बसायला हवं. काँक्रीट दोन्हीकडे तेवढंच लागणार. मग उरलेले ३५ हजार कशाचे, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या. इंजिनिअरच्या नकाशात सळई वेगळी असेल तर तिचं वजन याच रीतीने, म्हणजे लांबी गुणिले दर मीटरचं वजन, असं काढा.

आता पैसा कुठून आणायचा. गृहकर्जात २५ हजार वाढवले, तर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांत महिना २१७ रुपये, एकूण ५२ हजार जातात. एफडी मोडली तर दंड लागतो. त्यापेक्षा त्याच एफडीवर कर्ज काढा. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतं, म्हणजे सहा महिन्यांत निव्वळ भुर्दंड १२५ ते २५० रुपये. बाग कापली की फेडून टाका. ग्रॅनाइट त्यानंतर.

ही सळई एवढी महत्त्वाची का? पायरीच्या वरचा भाग कापलेल्या घट्ट जमिनीवर बसतो, खालचा कधी कधी सैल मातीवर. दोन्हीकडचं बसणं सारखं नसलं की पायरीपाशीच तडा जातो आणि भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत तिरका चढतो. तो पुट्टीने झाकला जातो, बुजत नाही. घर उभं राहिल्यावर पाया दुरुस्त करायचा खर्च या २५ हजारांत होत नाही.

म्हणून काम चालू असताना स्वतः उभे राहा. प्रत्येक पायरीचा तळ सपाट हवा, उतरता नको. ४ फूट उताराला १ फूट उंचीच्या चार पायऱ्या करा; वरचं फुटिंग खालच्यावर निदान २ फूट चढलेलं असावं. सळई पायरीपाशी तोडू देऊ नका. वाकवून वर न्यायला लावा, १२ एमएमच्या जोडाला ६०० मिमी लॅप, म्हणजे दोन सळया तेवढ्या लांबीत एकमेकींना लागून बांधलेल्या. खाली ५० मिमीचे कव्हर ब्लॉक. पायरीचं काँक्रीट एका दिवसात ओता, नाहीतर तिथेच सांधा राहतो. सळई आयएसआय मार्कची घ्या, काट्यावर तोलून घ्या, आणि सळई बांधलेली इंजिनिअरने पाहिल्याशिवाय ओतणीचा हप्ता देऊ नका. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर निदान १० दिवस ओल टिकवा. आपल्याकडच्या मे महिन्यात ओल्या गोणपाटाशिवाय ती टिकत नाही.

यातलं काहीही करण्याआधी चारही कोपऱ्यांवर चाचणी खड्डे घ्या. मुरूम लागला तर वरचा हिशोब चालेल. खाली काळी माती निघाली, तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते; तिथे हे फुटिंग सळई घालूनही पुरत नाही. तसं झालं तर एफडीला हात लावू नका, आधी इंजिनिअरकडून नवा नकाशा आणि नवा अंदाज घ्या.