आधी पेडल्स, मग पडदा

वाचकांचे प्रश्न आणि निवृत्त उड्डाण-प्रशिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : मी सांगलीत बँकेत नोकरी करतो. चार वर्षं घरच्या संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर उडवतोय. साधी जॉयस्टिक, चोवीस इंची मॉनिटर आणि बहुतेक वेळा सेसना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान. चित्र फार सुंदर दिसतं, पण आपण विमान चालवतोय असं मनाला पटत नाही. चाळीस हजार रुपये बाजूला ठेवलेत. मोठा पडदा घेऊ की व्हीआरचा चष्मा?

उत्तर : दोन्ही तूर्त राहू द्या. आधी रडरची, म्हणजे शेपटीची उभी झडप पायांनी फिरवायची पेडल्स घ्या.

मी बावीस वर्षं मुलांना सेसनावर शिकवलं. पहिल्या तासाला जवळजवळ प्रत्येकाचं एकच व्हायचं. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा, पूर्ण पुढे गेला की विमानाचं नाक डावीकडे पळायचं आणि मुलगा घाबरून योक, म्हणजे हातातलं चाक, उजवीकडे फिरवायचा, मोटारीचं स्टिअरिंग फिरवावं तसा. जमिनीवर योक फिरवून विमान वळत नाही. पंख्याचा गोल फिरत येणारा झोत शेपटीच्या एका बाजूवर आदळतो, त्यात इंजिनाचा पीळ असतो, आणि हे सावरायला उजवा पाय लागतो. तुमच्याकडे हे काम बहुधा संगणकच करत असणार, कारण नवख्यांसाठी ती मदत चालू ठेवलेली असते. ती ऑटो-रडरची सोय बंद करा. पहिले दोन-तीन दिवस धावपट्टी सोडून गवतात जाल. जाऊ द्या. आठवड्याभरात थ्रॉटल पुढे नेताना उजवा पाय आपसूक दाबला जाईल, आणि तुम्हाला जे पटत नव्हतं ते तिथून पटायला लागेल.

पेडल्स आल्यावर एक घरगुती अडचण येते, ती आधीच सांगते. जोर दिला की पेडल्स फरशीवर पुढे सरकतात आणि चाकांची खुर्ची मागे जाते. माझ्या भाच्यानं पेडल्स एका फळीवर स्क्रूनं बसवली, फळी भिंतीला टेकवली, खाली जुनी योगा मॅट घातली आणि जेवणाच्या टेबलाची बिनचाकांची खुर्ची घेतली. तेवढ्यानं भागलं.

मग हात. सेसनात तुम्ही डाव्या सीटवर बसता, डावा हात योकवर आणि उजवा थ्रॉटलवर. जॉयस्टिकनं ही सवय उलटी लागते. उरलेल्या पैशांत योक आणि थ्रॉटल बसले तर उत्तमच. नाही बसले आणि जॉयस्टिक दोन्ही हातांना चालणारी असली, तर ती डावीकडे घ्या.

पडदा मी मागे का ठेवते, ते एका जुन्या यंत्रावरून सांगते. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसानं १९२९ साली वैमानिकांना जमिनीवर शिकवायचं यंत्र बनवलं. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता, म्हणून त्यानं ऑर्गनचे भाते वापरले. आपल्या पेटीचा भाता डोळ्यांपुढे आणा. तशा भात्यांत हवा भरून-काढून एक छोटं लाकडी विमान डुलायचं. १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या विमानांकडे टपाल वाहायचं काम आलं, वाईट हवेत वैमानिक मेले, आणि मग लष्करानं लिंककडून सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाच लाखांहून जास्त जण त्यात शिकले. झाकण लावलं की आत बसलेल्याला बाहेरचं काहीच दिसत नसे. समोर फक्त काटे, कानाला शिक्षकाचा आवाज आणि हातापायांना काम. त्या झाकलेल्या पेटीतून माणसं घामाघूम होऊन बाहेर पडत. तुमच्या पडद्यावर ढग हुबेहूब दिसतात, पण त्या ढगांमुळे तुम्हाला काही करावं लागतंय का, हे बघा.

म्हणून तिसरी गोष्ट हवेची, आणि तिला एक पैसाही लागत नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर आहे. सिम्युलेटरमध्ये तिथलं तापमान ११ अंश ठेवा, जानेवारीच्या पहाटेसारखं, वारा शून्य करा, आणि ब्रेक सोडल्यापासून चाकं उचलेपर्यंतचे सेकंद मोजा. मग तेच विमान, तेवढंच इंधन, पण तापमान ४० करा. त्या उंचीवरची मानक हवा ११ अंशांची धरतात. त्याहून प्रत्येक जादा अंशाला घनता-उंची, म्हणजे विमानाला हवेच्या विरळपणामुळे जाणवणारी उंची, साधारण १२० फुटांनी वाढते. म्हणजे एप्रिलच्या दुपारी लोहगावात उभं असलेलं विमान जवळजवळ ५,४०० फुटांवरच्या हवेत उभं असतं. ही कळसूबाईच्या माथ्याची उंची झाली! पंखाला हवा कमी, पंख्याला कमी, इंजिनालाही कमी. धाव लांबते, आणि उचलल्यावरही विमान चढता चढत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं ते मे महिन्यात दोन धिप्पाड विद्यार्थ्यांना घेऊन निघाले तेव्हा. कुंपण जवळ आलं होतं आणि उंचीचा काटा हलत नव्हता. त्या दिवसापासून वजनाचा कागद भरल्याशिवाय मी कुणाला दार लावू दिलं नाही. तुम्हीही भरा. दोन माणसं आणि भरलेली टाकी किती होते, ते वहीत लिहा.

अल्टिमीटरचंही तेच. तो हवेच्या दाबावरून उंची दाखवतो. पावसाळ्यात मुंबईकडे हवेचा दाब १००३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. तुमचा काटा १०१३ वर राहिला, तर तो सुमारे २८० फूट जास्त उंची दाखवेल. ढगांत, घाटाजवळ, २८० फूट. एक कळ दाबली की सिम्युलेटर तो आकडा स्वतः लावतो. ती कळ विसरा. हवामानाचा अहवाल वाचा आणि आकडा हातानं लावा.

आणि पॉज बंद. दाराची बेल वाजली तर घरच्यांना उघडू द्या. चेकलिस्ट कागदावर छापून, मांडीवर ठेवून, मोठ्यानं वाचा.

प्रश्न : व्हॅटसिम या सिम्युलेटरवाल्यांच्या इंटरनेटवरच्या जाळ्यावर खरी माणसं विमानांना रेडिओवरून सूचना देणारे कंट्रोलर म्हणून बोलतात असं कळलं. मला यायचंय, पण माझं इंग्रजी यथातथा आहे आणि चारचौघांत चुकायची भीती वाटते. (कुडाळ)

उत्तर : याल तर सिम्युलेटरमध्ये याहून मोठा बदल दुसरा नाही. पलीकडे माणूस असला की छातीत धडधडतं, आणि ती धडधड खरी असते. व्हॅटसिम २००१ पासून आहे, फुकट आहे, आणि तिथले कंट्रोलर हौसेनं बसणारे स्वयंसेवक असतात. नवख्याला ते सांभाळून घेतात.

इंग्रजीची काळजी सोडा. रेडिओवरची भाषा ठरीव वाक्यांची असते, तिला आरतीसारखं पाठांतर पुरतं. मी कोण, कुठे आहे, काय हवंय, एवढंच बोलायचं. समोरून आलेला उंचीचा, दिशेचा, धावपट्टीचा आकडा जसाच्या तसा परत म्हणायचा. तो परत म्हणणं हाच रेडिओचा प्राण आहे. आठवडाभर नुसतं ऐका आणि ऐकलेलं वहीत उतरवा. मग एखाद्या निवांत विमानतळावरून निघा. पहिली चार वाक्यं कागदावर लिहून वाचली तरी चालेल, माझे विद्यार्थी तेच करायचे. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’, म्हणजे ‘पुन्हा सांगा’, म्हणा. ते मीही शेवटच्या दिवसापर्यंत म्हणत आले.

प्रश्न : मी लातूरला अकरावीत आहे. मला पायलट व्हायचंय. सिम्युलेटरमुळे वाईट सवयी लागतात, असं एका दादानं सांगितलं. मी तो बंद करू का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : अजिबात बंद करू नकोस, बाळा. त्या घरच्या तासांचा एक मिनिटही व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला लागणाऱ्या २०० तासांत धरला जाणार नाही, हे मात्र लक्षात ठेव. दादाचं म्हणणं अर्धं खरं आहे. माझ्याकडे एक मुलगा आला होता, सिम्युलेटरवर शेकडो तास झालेला. काटे असे धरायचा की मी थक्क झाले. पण वीस मिनिटांत त्यानं एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही. डावीकडून दुसरं विमान येत होतं, ते मी दाखवलं तेव्हा त्याला दिसलं. शेवटी मी नकाशा उलगडून सगळ्या काट्यांवर टांगला. तो क्षणभर घाबरला, मग क्षितिज बघायला लागला, आणि त्याच दिवशी त्याचं विमान पहिल्यांदा शांत उडालं.

तू पडद्यावरच्या काट्यांवर कागद चिकटव. सरळ उडताना क्षितिज नाकाच्या वर साधारण चार बोटं दिसतं, ती जागा डोळ्यांत भरून घे. त्याच अंदाजानं एक पूर्ण वळण घे, मग कागद उचल आणि किती उंची गेली ते बघ. ट्रिम, म्हणजे हात न लावता नाक जागेवर ठेवायची सोय, लावलीस की काठीवरचा हात सोडून बघ. नाक खाली-वर गेलं तर ट्रिम झालेली नाही.

सराव लातूरच्याच धावपट्टीवर कर. जमिनीपासून १,००० फुटांवर सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची चौकोनी फेरी, घे, आणि कुठल्या रस्त्यावर वळायचं, कुठल्या तळ्याजवळ पॉवर कमी करायची, ते नकाशावर पेन्सिलीनं लिही. अशी दहा सर्किटं झाली की मला पत्र टाक. कागद कितव्या सर्किटला उचलावासा वाटला, ते नक्की लिही.