काटा वर चढतच नाही

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी दहा वर्षांची आहे. पूर्वी टेंपरेचरचा काटा मधोमध असायचा. आता कसारा घाट उतरताना तो पार तळाला जातो, ट्रॅफिकमध्ये जरा वर सरकतो. ॲव्हरेज १६ वरून १३ वर आलंय. गेल्या उन्हाळ्यात गाडी तापली होती, तेव्हा गॅरेजात काम करून घेतलं. तिथले मिस्त्री म्हणतात, ‘इंजिन थंड आहे, बरंच आहे की!’
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बरं बिलकूल नाही. मला त्या उन्हाळ्यातल्या ‘कामा’चाच संशय येतो. गाडी तापली की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायचा आणि फॅन डायरेक्ट करायचा, म्हणजे सतत फिरत राहील असा जोडायचा, हा आपल्याकडचा जुना रामबाण. नुसत्या डायरेक्ट फॅनने काटा इतका पडत नाही. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर तो पाणी अडवून धरतो.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा, एसी बंद ठेवा. फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) चाचपत राहा. थर्मोस्टॅटमधलं मेण साधारण ८२ ते ८८ अंशांना वितळून फुगतं आणि झडप उघडतं. तोवर होज गार राहायला हवा, मग एकदम चटका बसेल इतका तापतो. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी अडकलीय किंवा जागेवर नाहीच. (काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या होजकडे असतो, तिथे खालचा होज बघा.)

होज बरोबर वागला आणि काटा तरी खालीच, तर सेन्सर किंवा वायरिंग. गार इंजिनवर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावला की कूलंटचं, म्हणजे रेडिएटरमधल्या पाण्याचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसायला हवं. स्कॅनरवर पी०१२८ हा कोड (इंजिन पुरेसं तापत नसल्याची खूण) आला तर बोट बहुधा थर्मोस्टॅटकडेच जातं.

ॲव्हरेज पडलं ते यामुळेच. इंजिन अजून गारच आहे असं समजून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो. ऑइलमधला ओलावाही उडत नाही. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून सायीसारखा थर आहे का पाहा. थर असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) तपासून घ्या. गाडी एकदा तापलेली आहे.

नवा थर्मोस्टॅट कंपनीने दिलेल्या अंशांचाच घ्या, कूलंट भरल्यावर हवा काढायला सांगा, आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका. थर्मोस्टॅट बसवण्याआधी रेडिएटर चोक आहे का, वॉटर पंप आणि फॅनचा स्विच ठीक आहे का, हे बघून घ्या. नाहीतर थर्मोस्टॅट बसला की गाडी पुन्हा तापेल आणि मिस्त्री तो पुन्हा काढतील.