७ वर्षांच्या मुलीसाठी ॲनिमे कसं निवडावं?

ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन. चित्रं गोंडस आहेत म्हणजे लहानांचंच, हा पहिला गैरसमज. १९८८मध्ये जपानात एकाच दिवशी, जोडीने दोन चित्रपट लागले: 'माय नेबर टोटोरो' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. पहिला ७ वर्षांच्या मुलीला खुशाल दाखवा (गोष्टीतली आई आजारी आहे, तेवढं आधी सांगून ठेवा). दुसऱ्यात युद्धात अनाथ झालेली भावंडं उपासमारीने मरतात. तो किमान बारा-तेराव्या वर्षापर्यंत नकोच.

'शोनेन' या शिक्क्यावरही विसंबू नका. ते मासिकाच्या वाचकवर्गाचं (किशोरवयीन मुलग्यांचं) नाव आहे, वयाचं प्रमाणपत्र नव्हे. 'डीमन स्लेअर' ही मालिका शोनेनच, पण पहिल्याच भागात बर्फात रक्ताने माखलेलं कुटुंब दिसतं. आणि आपल्याकडे घरोघरी चालणारा शिनचॅन? त्याची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) मोठ्यांच्या मासिकात यायची. चावटपणा उगाच नाही त्यात.

ओटीटीवर यू (सर्वांसाठी) किंवा यूए ७+ हा वयाचा शिक्का बघा आणि त्याखालचं कारणही वाचा: हिंसा, भीती की भाषा. नेटफ्लिक्सवर मुलीचं वेगळं प्रोफाइल करून वयोमर्यादा लावा, नको ती मालिका नावाने ब्लॉक करा. तुमच्या प्रोफाइलला मात्र पिन लावायला विसरू नका, नाहीतर पोरं तिथूनच शिरतात.