टाक्यातला गाळ काढला आणि नोटीस आली

प्रश्न: जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. काहींजवळ पुरातत्त्व खात्याचा फलक आहे. पलीकडच्या सोंडेवरची दोन लहान लेणी मात्र बेवारस पडली आहेत. आमचं तरुण मंडळ रविवारी तिथे साफसफाई करतं. यंदा उन्हाळ्यात श्रमदानातून फलकाजवळच्या टाक्यातला गाळ काढला, भिंतीवर लोकांनी रंगानं लिहिलेली नावं तारेच्या ब्रशनं घासली आणि चढणीवर सिमेंटच्या काही पायऱ्या बांधल्या. गाळात नक्षीचा एक दगड सापडला, तो मारुतीच्या देवळात ठेवला आहे. आता खात्याची नोटीस आली आहे: विनापरवाना काम केल्याबद्दल पंधरा दिवसांत खुलासा करा. पोलीस ठाण्यातूनही फोन आला. गावातले जाणते म्हणतात, दगड रातोरात टाक्यात टाका आणि 'आम्ही काही केलंच नाही' असं लिहून द्या. काय करावं? आणि पुढेही लेणी सांभाळायची असतील तर कशी? दगडाचा फोटो सोबत आहे. येणाऱ्यांकडून आम्ही 'ऐच्छिक' वीस रुपये घेतो. बुद्धपौर्णिमेला लेण्यात वंदना घेता येईल का?

उत्तर: दगड टाक्यात टाकू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

श्रमदानाचे फोटो एव्हाना अर्ध्या तालुक्याच्या मोबाइलवर फिरले असणार. गाळ उपसणारे हात कुणाचे, हे त्यांत दिसतंच. अशा वेळी दगड गायब झाला तर आज जी चूक म्हणून निभावेल ती उद्या पुरावा नष्ट केल्याचा आरोप होऊन बसेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ मध्ये त्याला वेगळी शिक्षा आहे. जाणत्यांना नमस्कार करा आणि त्यांचा सल्ला सोडून द्या.

आता तुम्ही कुठे उभे आहात ते बघू. फलकाजवळची लेणी केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत, म्हणजे 'प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८' लागू होतो. त्याच्या कलम ३० नुसार संरक्षित स्मारकाला इजा करणं, त्यात बदल करणं, ते विद्रूप करणं किंवा धोक्यात आणणं हा गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाची वाट न बघता तपास सुरू करू शकतात. पण शिक्षेची मर्यादा पाहता तो जामीनपात्रही आहे. तेव्हा कुणी 'आत टाकतील' म्हणून घाबरवत असेल तर तेवढं घाबरू नका.

'आमचा हेतू चांगला होता' हे खरं आहे आणि ते खुलाशात यायलाच हवं. खातं प्रकरण किती ताणेल आणि न्यायालय शिक्षा किती देईल, यावर त्याचा परिणाम होतो. पण कलमाच्या त्या ओळीत हेतू हा शब्दच नाही. तारेच्या ब्रशनं भिंत खरवडली की ती खरवडली. नाव लिहिणाऱ्यानं केलं काय किंवा नाव पुसणाऱ्यानं केलं काय. जुन्नरच्या लेण्यांत ब्राह्मी लेख आहेत आणि काही ठिकाणी छताला जुन्या रंगाचे अवशेष टिकून आहेत. पुसट झालेलं अक्षर कित्येकदा तिरप्या उजेडातच दिसतं. रंगाखाली काय होतं हे ब्रश चालवणाऱ्याला कळायला वाव नसतो. खात्याकडे रसायनशास्त्र शाखा आहे, रंग काढायचं काम तिचं. तिथे चुन्याचा हात फिरवला नसेल अशी आशा आहे. फिरवला असेल तर तेही खुलाशात लिहा.

गाळाचं प्रकरण त्याहून अवघड. गावाकडे टाकं साफ करणं म्हणजे पुण्याचं काम, त्यामुळे त्यात गुन्हा कसला हेच कुणाला पटत नाही. पण लेण्यांशेजारचं टाकं हा लेण्याचाच भाग असतो. तुमच्याच तालुक्यात मानमोडीच्या डोंगरात नहपान क्षत्रप या राजाचा अमात्य अयम याचा 'वर्ष ४६' असा काळ दिलेला शिलालेख आहे. त्यानं मंडपासोबत पाण्याचं टाकंही दान दिल्याची नोंद त्यात आहे. अशा टाक्यात साचलेला गाळ थरांनी साचतो. खापराचा तुकडा कोणत्या थरात होता, त्याच्या वर काय, खाली काय, यावरून अभ्यासक काळ ठरवतात. घमेल्यानं उपसलं की तो क्रम मोडतो, परत लावता येत नाही.

त्याच १९५८ च्या कायद्याचं कलम १९ संरक्षित क्षेत्रात उत्खनन आणि 'तत्सम कोणतंही काम' करायला मनाई करतं. गाळ काढणं म्हणजे उत्खनन नव्हे, असा युक्तिवाद तुमचा वकील करू शकेल. करावाही. मी त्यावर सगळी भिस्त ठेवणार नाही.

उपसलेला गाळ कुठे टाकला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कुणी सुपीक माती म्हणून ट्रॉली भरून शेतात नेली असेल तर कुणाच्या, किती आणि कुठल्या गटात, ते आत्ताच लिहून ठेवा. ढीग जागेवरच असेल तर त्याला हात लावू नका, वर ताडपत्री टाका आणि कडेनं दगड ठेवा. खात्याला तो चाळून बघायचा असेल. पाऊस पडून ढीग वाहून गेला, तर 'आणखी काय काय सापडलं होतं?' या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर उरणार नाही.

आता तो दगड. तुम्ही फोटो पाठवला आहे. त्यात चौकटींची जाळी दिसते, लेण्यांत वेदिकापट्टी (कठड्यासारख्या नक्षीची पट्टी) असते तशी. ती आहे की नाही हे ठरवणं माझं काम नाही, तुमचंही नाही. शंभर वर्षांहून जुनं कोरीव काम कायद्यानं पुरावस्तू ठरतं. संरक्षित स्मारकातून कोरीव वस्तू हलवणं हा कलम ३० मधला स्वतंत्र गुन्हा आहे, तोही दखलपात्र. शिवाय १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये ही रक्कम राणीच्या राज्यातली. कायद्यात अजून तीच आहे.

म्हणून दगडाला शेंदूर, तेल, हार काहीही नको. धुऊ नका, घासू नका. देवळातल्या लोकांनी त्याची पूजा सुरू केली असेल तर ती प्रेमानं थांबवा, कारण एकदा त्याचा देव झाला की तो उचलताना गावात भांडण लागेल. ग्रामपंचायत कार्यालयात कुलपात ठेवा. शेजारी पट्टी ठेवून चारी बाजूंनी फोटो काढा. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), पोलीस पाटील आणि दोन पंच यांच्यासमोर साधा पंचनामा करा. मग अधीक्षक पुरातत्त्वविदांना पत्र द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. दगड ताब्यात देताना पोच घ्या. पोच न घेता कुणाच्याही गाडीत दगड ठेवू नका, मग तो माणूस कितीही मोठ्या हुद्द्याचा असो. दगड गावातच राहावा अशी विनंती जरूर करा. तो तुमचा हक्क मात्र नाही.

खुलासा मुदतीत जाऊ द्या. अध्यक्ष आणि सचिव यांच्या सहीनं, एका पानात. त्यात खात्याच्या दुर्लक्षाचा पाढा वाचू नका. तो खरा असला तरी ही जागा त्याची नव्हे. मजकूर साधारण असा असावा: 'दिनांक अमुक रोजी मंडळाच्या सदस्यांनी टाक्यातील गाळ हाताने व घमेल्याने काढला. यंत्र वापरलेले नाही. त्या वेळी आढळलेला अश्मखंड सुस्थितीत असून तो आपल्या ताब्यात देण्यास मंडळ तयार आहे. परवानगी आवश्यक असल्याची माहिती मंडळास नव्हती. आपल्या मार्गदर्शनाशिवाय यापुढे कोणतेही काम केले जाणार नाही.' काय केलं ते लिहायचं. 'आम्ही नुकसान केलं', 'आम्ही गुन्हा केला' असले निष्कर्ष आपण होऊन लिहायचे नाहीत. नुकसान झालं का, हे खात्यानं पाहणी करून ठरवायचं आहे. पाठवण्याआधी जुन्नरमधल्या एखाद्या वकिलाच्या नजरेखालून मसुदा घाला, कारण मी नोटीस पाहिलेली नाही, फक्त तुम्ही सांगितलेला आशय वाचला आहे.

पोलिसांच्या फोनवर नम्रपणे सांगा की लेखी बोलावलंत तर येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) मध्ये हजर राहण्याच्या नोटिशीची तरतूद आहे. ती आली की दिलेल्या तारखेला न चुकता जा, सोबत खुलाशाची प्रत न्या.

पायऱ्यांबद्दल चांगली बातमी नाही. संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंतचा भाग प्रतिषिद्ध क्षेत्र असतो आणि त्यापुढचे दोनशे मीटर विनियमित. हे अंतर लेण्याच्या दारापासून मोजत नाहीत, संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून मोजतात. गावोगावी इथेच घोळ होतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर प्रतिषिद्ध क्षेत्रात सार्वजनिक कामालाही नव्या बांधकामाची परवानगी देता येत नाही. म्हणजे सरपंच म्हणाले 'आपण पंचायतीच्या निधीतून रीतसर करू', तरी ते रीतसर होणार नाही. अशा बांधकामालाही कलम ३०अ खाली दोन वर्षं किंवा एक लाख, किंवा दोन्ही, हीच शिक्षा आहे. पायऱ्या स्वतः फोडायलाही जाऊ नका, पहारीच्या घावानं खालचा कातळ दुखावेल. 'आपण सांगाल त्या पद्धतीनं आणि आपल्या देखरेखीखाली काढून घेऊ' असं खुलाशात जोडा. म्हाताऱ्या माणसांना चढण अवघड जाते हे खरंच आहे, पण तिथे बांधकाम करण्याचा अधिकार फक्त पुरातत्त्व अधिकाऱ्यांना. ग्रामसभेचा ठराव करून पायऱ्यांची मागणी त्यांच्याकडे करा.

तुम्ही जाता जाता लिहिलं आहे की येणाऱ्यांकडून 'ऐच्छिक' वीस रुपये घेता. ते पावती पुस्तक आजच बंद करा. संरक्षित स्मारकाचं प्रवेशशुल्क फक्त केंद्र सरकार ठरवतं. पैसे घेऊन लोकांना लेणी दाखवायलाही याच कायद्याखालच्या १९५९ च्या नियमांप्रमाणे खात्याचा परवाना लागतो. फुकट माहिती सांगायला कुणाची मनाई नाही. देणग्या घ्यायच्या तर आधी मंडळाची नोंदणी करा आणि हिशेब ठेवा. विशिष्ट स्मारकासाठी देणगी द्यायची असेल तर केंद्राचा १९९६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय संस्कृती निधी आहे.

पुढे काम कसं करायचं? दगडाला, मातीला आणि पाण्याला खात्याच्या माणसाशिवाय हात लावायचा नाही. एवढं पाळलं तरी तुम्हाला भरपूर काम उरतं: प्लास्टिक उचलणं, उन्हाळ्यात वणवा येऊ नये म्हणून लक्ष ठेवणं, पावसाळ्यात कुठे गळतं आणि कुठली भेग वाढली याचे दर महिन्याला त्याच जागेवरून फोटो काढणं. हे शेवटचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण रोजच्या येण्याजाण्यातली नजर तुमच्याकडे आहे, खात्याकडे माणसं कमी आहेत. भेगेत वाढलेला पिंपळ मात्र उपटू नका; मुळासकट कातळाचा पापुद्रा निघतो. हे सगळं लेखी अर्जानं मागा. सोबत ग्रामसभेचा ठराव, सदस्यांची यादी आणि कामाचं वेळापत्रक जोडा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्जाची सद्यःस्थिती विचारा, तीस दिवसांत कळवावं लागतं. केंद्राची 'अ‍ॅडॉप्ट अ हेरिटेज २.०' योजना २०२३ पासून आहे, पण तिचा रोख मोठ्या कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीकडे आहे. तुमच्यासारख्या मंडळानं तिच्यामागे धावू नये असं माझं मत.

जुन्नरच्या एका शिलालेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे (व्यावसायिकांच्या संघाकडे) दान गुंतवल्याची नोंद आहे, दुसऱ्या एकात करंज आणि वड लावण्यासाठी शेतजमिनीचं उत्पन्न दिलं आहे. लेणी स्थानिक लोकांच्या जिवावर उभी होती, हे त्यातून दिसतंच. भाषणात जरूर सांगा. अर्जात नको, अर्ज कोरडाच बरा.

सोंडेवरच्या दोन लेण्यांचा रस्ता वेगळा. फलक नाही म्हणजे संरक्षण नाही, असं धरून चालू नका; फलक पडतात, चोरीला जातात. आधी खात्याकडून लेखी उत्तर घ्या. मग त्या गटाचा सातबारा काढा. वन विभागाची जमीन असेल तर वनाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय झुडूपही तोडता येणार नाही. खासगी असेल तर मालकाची लेखी संमती हवी. खरोखरच असंरक्षित निघाली तर राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षणासाठी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे प्रस्ताव द्या. तसं संरक्षण मिळालं, तर राज्याच्या 'महाराष्ट्र वैभव' संगोपन योजनेत गावकऱ्यांच्या संस्थेलाही पालकत्व मागता येतं. शेजारच्या जमीनधारकांना मात्र आधी विश्वासात घ्या. संरक्षणाबरोबर बंधनंही येतात आणि ती त्यांना राजपत्रातून कळली तर डोंगर दूर राहील, गावच दुभंगेल.

बुद्धपौर्णिमेला लेण्यात वंदना घेता येईल का, असंही तुम्ही विचारलं आहे. १९५९ च्या नियम ७ प्रमाणे संरक्षित स्मारकात सभा-समारंभाला लेखी परवानगी लागते. मान्य धार्मिक वहिवाटीनुसार होणाऱ्या कार्यक्रमाला त्यातून सूट आहे. लेण्याद्रीला गिरिजात्मजाची पूजा बौद्ध विहारात चालते, ती अशीच वहिवाट म्हणून. तुमच्या लेण्यात तशी जुनी वहिवाट नसेल तर परवानगी मागा. मंडप, स्पीकर, मेणबत्त्या काही नाही असं अर्जात लिहिलंत तर मिळण्याची शक्यता वाढते. साफसफाईच्या अर्जात हा विषय घालू नका.

राहिला प्रश्न नावं कोरणाऱ्या टोळक्यांचा. आता तुम्हाला माहीत आहे की हा दखलपात्र गुन्हा आहे. लांबून फोटो, गाडीचा नंबर, ११२ वर फोन आणि त्याच दिवशी लेखी तक्रार, प्रत खात्याला. मंडळातल्या पोरांनी त्यांना धरून चोप देऊ नये. भिंत त्यांनी खराब केलेली असेल आणि मारहाणीचा गुन्हा तुमच्यावर लागेल.