पित्त म्हणू नकोस, काय होते ते सांग

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. आठ महिन्यांची पोटाची तक्रार, मेसचे जेवण, परीक्षेची जागरणे आणि भेटेल त्याने सांगितलेले निराळे निदान, हे सारे वाचून मी अस्वस्थ झालो. परंतु त्या तीन पानांत ‘पित्त’ हा शब्द तू 11 वेळा लिहिला आहेस आणि तुला नेमके काय होते, हे जवळजवळ कुठेच लिहिलेले नाहीस.

आपल्याकडे छातीत जळजळले तरी पित्त, डोके दुखून उलटी झाली तरी पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. गांधी कित्येकदा ॲलर्जीच्या असतात, ती डोकेदुखी अनेकदा अर्धशिशीची असते आणि जळजळ जठरातले आम्ल अन्ननलिकेत चढल्याने होते. तरीही आपण या तिन्हींना एकच नाव देतो आणि एकच गोळी घेतो. म्हणून पित्त म्हणू नकोस, काय होते ते सांग. कुठे दुखते, जेवणाने वाढते की शमते, शौचाला जाऊन आल्यावर फरक पडतो का, दुखण्याने झोपेतून जाग येते का?

जेवून आडवे होताच छातीच्या हाडामागे जळजळत असेल, तर जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ दे आणि पलंगाची डोक्याकडची बाजू सहा इंच उचलून घे. नुसत्या दोन उशा घेतल्याने पोट दुमडते आणि उपयोग होत नाही. कळ येऊन शौचानंतर बदलत असेल, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब होत असतील, तर तुझा मित्र म्हणतो तसा तो आयबीएस, म्हणजे आतड्याच्या चलनवलनाचा बिघाड, असू शकतो. तो खरा आजार आहे, मनाचा खेळ नव्हे. पण धोक्याची लक्षणे नाहीत याची खात्री केल्यावरच ते नाव द्यायचे असते. दुधाने पोट फुगत असेल, तर दोन आठवडे दूध बंद करून पाहा. अशा माणसांना दही पुष्कळदा सोसते.

अल्सर, म्हणजे जठराला किंवा आतड्याला आतून पडलेली जखम, तिखटाने आणि काळजीने होतो, असे डॉक्टरही पूर्वी मानत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथे बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये अल्सरचे एक मोठे कारण असलेले हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला, तेव्हा कुठे त्या समजाला धक्का बसला. 2005 मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळाले. या जंतूची तुझी श्वासाची चाचणी निर्दोष आली, असे तू लिहितोस. त्या आठवड्यात पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी चालू होती का, हे तुला कोणी विचारले? ती गोळी किमान दोन आठवडे थांबवलेली नसेल, तर जंतू असूनही चाचणीत कधी कधी दिसत नाहीत. न विचारता केलेल्या तपासणीचा मला राग येतो, तो यासाठी.

अल्सरचे दुसरे मोठे कारण काही वेदनाशामक गोळ्या. माझ्या वडिलांना गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक मीच लिहून दिले होते. जेवून घ्या म्हणजे झाले, असे मी सांगत असे; वास्तविक ही गोळी रक्तावाटेही जठराचे संरक्षण कमी करते, त्यामुळे भरल्या पोटी घेऊनही तो धोका टळत नाही. वडील म्हणाले, पित्त वाढले आहे. मी पित्ताची गोळी वाढवली. ते म्हणाले, शौचाला काळे होते. मी म्हणालो, लोहाच्या गोळ्यांमुळे. लोहाने काळे होते हे खरेच आहे आणि त्या दिवशी दवाखाना भरून वाहत होता, हेही खरे आहे. परंतु डांबरासारखे चिकट आहे का, उग्र वास येतो का, एवढेच दोन प्रश्न विचारायचे होते. चौथ्या दिवशी ते न्हाणीघरात कोसळले. रक्त चढवून ते वाचले, पण पुन्हा पूर्वीसारखे हिंडले फिरले नाहीत. आता माझे तरुण सहकारी म्हणतात की, दुर्बिणीची तपासणी असताना तुम्ही एकेका रुग्णापाशी इतका वेळ का घालवता. मी घालवतो आणि घालवत राहीन. दुर्बीण कोणाला आणि किती तातडीने घालायची, हे त्या प्रश्नांवरूनच कळते.

तुझ्या पत्राच्या अगदी शेवटी, अभ्यासाच्या मजकुरानंतर, पँट सैल झाल्याचे आणि संध्याकाळी कणकण वाटत असल्याचे तू सहज लिहून गेला आहेस. अरे, पत्राची सुरुवात तिथून करायची होती! प्रयत्न न करता घटलेले वजन, ताप, काळे शौच, रक्ताची उलटी, अडकणारा घास, कमी झालेले हिमोग्लोबिन, यांतले काहीही असेल तर ते पित्त म्हणून सोडून द्यायचे नसते. आपल्या देशात घटलेले वजन आणि ताप एकत्र आले की आतड्याच्या क्षयाचा विचार करावाच लागतो. तो औषधांनी बरा होतो, म्हणून घाबरू नकोस. परंतु परीक्षा होईपर्यंत थांबायचेही नाही.

याच आठवड्यात ये. आज वजन करून ठेव, रोज संध्याकाळी ताप मोजून वहीत लिही आणि आजवर घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत आण.

तुझा,
डॉक्टरकाका